सोमवार ते शनिवार: फुलदाणीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सूनबाईनं दिवाळीपासून फुलांचं काम धरलंय. दातांचा एक दवाखाना, एका वकिलांचं ऑफिस आणि एका लॉजचा काउंटर. सोमवारी सकाळी तिन्हीकडे फुलदाण्या लावायच्या, शनिवारी संध्याकाळी उचलून आणायच्या. मधे फुलं मरगळली तर बदली तिच्या पदरची, असा ठराव. थंडीत निभावलं. गेले दोन आठवडे मात्र बुधवारीच गुलाबांनी माना टाकल्या. दोन्ही वेळा नवी गड्डी घ्यावी लागली. मजुरी गेली, वर पेट्रोलही गेलं.

काल जेवताना म्हणाली, "अप्पा, तुमचा जन्म रंगखात्यात गेला. पाण्याचंच काम ना तुमचं? फुलांचं पाणी जरा बघा की."

टॉवेलच्या गिरणीत रंगखात्यात २८ वर्षं झाली. टॉवेलचा लॉट डागाळला की आधी पाणी बघायचं, मग टाकी, मग रंग, आणि माणसाला बोल लावायचा तो सगळ्यात शेवटी. त्याच क्रमानं जायचं ठरवलंय. जुनी लॉटवही सापडली, निम्मी कोरी आहे. तीच चालवतो.

हिचं म्हणणं निराळं. "शिळं फूल देवाला चालत नाही, आणि तुम्ही सहा दिवस टिकवायला निघालात." देवासाठी नाही, दातांच्या दवाखान्यासाठी, असं सांगून पाहिलं. मग खरी हरकत बाहेर आली. नळ येतो चार-पाच दिवसांनी. उजनी धरण भरलेलं असो की नसो, आमच्या सोलापुरात बॅरल भरून ठेवूनच दिवस काढायचे. त्यातलं पाणी फुलांना रोज बदलायचं म्हटलं तर तीन फुलदाण्यांना आठवड्याचे पंचवीस-सत्तावीस लिटर होतात. "एवढ्यात माझी दोन दिवसांची भांडी होतात," ही म्हणाली.

म्हणून कामाच्या अटी दोन: सहा दिवस, आणि बॅरलला धक्का न लावता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाईबरोबर लॉजवर गेलो. फुलं कालचीच, तरी फुलदाणीत बोट घातलं तर आतून बुळबुळीत. वास घेतला आणि रंगखात्यातली न धुतलेली टाकी आठवली. पाण्यात बुडलेली पानं काढलेली नव्हती, ती काळी पडायला लागली होती. सूनबाई म्हणाली, पानं असली की गच्च भरल्यासारखं दिसतं. दिसतं खरं. पण बुडालेलं पान म्हणजे जंतूंना जेवण.

आरओ दुरुस्त करणाऱ्या पोराकडून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, मागून आणला. नळ ३८०, अंगणातली बोअर १२५०, आरओ ४५. पीएचच्या, म्हणजे पाण्याचा आंबटपणा बघायच्या, पट्ट्या घरात होत्याच. नळाचं पाणी ८ च्या आसपास, बोअर त्याहून वर. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे हिला पट्टीशिवाय ठाऊक आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मधल्या मारुतीजवळच्या फुलवाल्या मावशीकडून डच गुलाबाची एक गड्डी, २० नग. सहा गुलछडीच्या काड्याही घेतल्या. सहा बाटल्या मांडल्या, प्रत्येकीत तीन गुलाब आणि एक काडी. उरलेले दोन गुलाब नातीनं पळवले.

बाटली १ नळाचं पाणी. २ बोअर. ३ आरओ. ४ नळ आणि साखर, लिटरला तीन चहाचे चमचे. ५ नळ आणि एक रुपयाचं नाणं. ६ नळ आणि ॲस्पिरिनची गोळी. शेवटचे दोन उपाय गल्लीतून आले. इथं प्रत्येकाच्या मामेबहिणीकडे फुलं टिकवायचा एक हमखास तोडगा असतो.

सरबताच्या रिकाम्या बाटल्या पाचच निघाल्या. तिसरीच्या जागी लॉजवरून आणलेली जुनी फुलदाणी विसळून घेतली.

गिरणीतला जुना मित्र चहाला आला होता. ओळीनं मांडलेल्या बाटल्या बघून म्हणाला, "काय बे, फुलांना सलाईन लावायलास का?"

९ फेब्रुवारी, रविवार

तिसरा दिवस. निकाल उलटाच.

सगळ्यात चांगलं पाणी तिसरीत, आणि माना सगळ्यात आधी टाकल्या तिसरीनंच. आरओचं ४५ टीडीएसचं पाणी गढूळ, तळाला तार सुटलेली. चौथी, म्हणजे साखरेची, तिच्या पाठोपाठ. शिवाय मुंग्या. काल रात्री शेल्फावरून बाटलीपर्यंत रांग लागली होती. हिनं हळद टाकून रांग तोडली आणि माझ्याकडे बघितलं. पहिली, पाचवी, सहावी तिघी सारख्याच, मध्यम. बोअरचे गुलाब उमललेच नाहीत, पाकळ्यांच्या कडा कागदासारख्या झाल्या.

नाण्याचा निकाल असाच लागणार होता. जुन्या काळी पैसा तांब्याचा असे, आणि तांब्यात जंतू मारायचा गुण आहे, म्हणून हा तोडगा पडला असणार. आताचा रुपया स्टेनलेस स्टीलचा. चुंबक लावला, टक्कन चिकटला. तोडगा राहिला, तांबं गेलं. गोळीनं काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही.

तिसरीबद्दल मात्र दुपारभर डोकं चाललं. पाणी उत्तम, फुलं त्याच गड्डीतली, जागा तीच. वेगळी होती ती फुलदाणी. मी नुसती विसळली होती. आतल्या कडेला जो बुळबुळीत थर बसलाय तो जंतूंचा, विसळून जात नाही. नवं पाणी घातलं की तासाभरात सगळं पाणी त्याचं. हे जंतू आणि त्यांची चिकटी देठाच्या बारीक नळ्यांत शिरून बसते. फूल पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं.

रंगखात्यात गडद निळ्यानंतर पांढरा माल घ्यायचा तर टाकी सोड्यानं उकळल्याशिवाय कोणी हात लावत नसे. नवीन पोरगं आलं की पहिला आठवडा मी त्याला तेवढंच शिकवायचो. आणि स्वतः आरओचं पाणी घाण भांड्यात ओतलं. वहीत लाल शाईनं लिहून ठेवलंय.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिन्ही फुलदाण्या रात्रभर ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या. अरुंद मानेत ब्रश जात नाही. मूठभर जाडं मीठ आणि तांदळाची कणी घालून, थोडं पाणी टाकून, खुळखुळ्यासारखं हलवलं. बाहेर आलेलं पाणी नातीनं नाक धरून बघितलं. दोनदा विसळल्या, काचेवरून बोट फिरवलं. कर्रकर्र वाजली की झाली.

आज नुसतं नळाचं पाणी, स्वच्छ भांडं, पाण्याखालची पानं काढलेली. बाकी काही नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार संध्याकाळ, तिन्हीकडे गुलाब उभे. अजून औषध काहीच घातलेलं नाही.

उद्या १४ तारीख, म्हणून डच गुलाबाचा भाव ऐकून परत फिरलो. मावशी म्हणाली, "अण्णा, आज गुलाब विचारू नका, परवा या." प्रयोगाला शेवंतीची काडी घेतली. शेवंती फार सोशिक. फूल दोन आठवडे हलत नाही, आधी पिवळी पडतात ती पानं. पानं खुडली की शेवंतीचं काम संपलं, तिच्यावर वेळ घालवायचा नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज कापणी.

सूनबाई देठ कात्रीनं कापते, तेही बाजारातून आल्यावर कट्ट्यावर बसून, मग पाणी भरेपर्यंत फुलं तशीच पडून. तिला सांगायला शब्द सापडत नव्हते, तेवढ्यात शेजारच्यांची मोटार नुसतीच घुं-घुं करायला लागली. नळ आला होता आणि मोटारीनं हवा धरली होती. म्हटलं, हेच. देठ म्हणजे शेकडो बारीक पाइप, वर पानांतून पाणी उडतं आणि खालून ओढ लागते. कापताक्षणी त्या ओढीनं आत पाण्याऐवजी हवा शिरते. मग देठ पाण्यात ठेवला तरी हवेचा बुडबुडा मधे बसलेला. पाणी चढत नाही, मान पडते.

म्हणून बादलीत देठ बुडवून पाण्याखालीच टोकाकडून दोन बोटं कापायचा, आणि तो थेंब धरून लगेच फुलदाणीत. कात्री देठ दाबते, नळ्या चेपतात. धारदार कटर घ्यायचा. तिरका काप दिला की देठ तळाला सपाट चिकटून बसत नाही. "आणि ठेचायचा नाही का? आमच्या माहेरी जास्वंदाचा देठ ठेचायचे," ती म्हणाली. ठेचलं की चेंदामेंदा झालेलं लाकूडच कुजतं. नाही ठेचायचा.

पहिलं पाणी कोमट. हाताला सुखद लागेल इतपत, ४० अंशांच्या आत-बाहेर. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते पातळ वाहतं. तासभर कोमट पाण्यात, सावलीत उभं करायचं, मग सजावट.

बादलीतल्या पाण्यानं नंतर फरशी पुसली गेली. हिनं त्याची नोंद घ्यायला सांगितली, घेतली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

माझा नाही, मोजमापाचा घोटाळा.

आता औषधाकडे वळलो होतो. फुलाला तीन गोष्टी लागतात: थोडी साखर, कारण तोडलेल्या फुलाला घरून डबा येत नाही, थोडं आंबट, कारण आंबट पाणी देठात नीट चढतं आणि जंतूंना मानवत नाही, आणि जंतुनाशक, कारण नुसती साखर घातली की चौथ्या बाटलीचं काय झालं ते बघितलं. तिन्ही एकत्रच. एकटी साखर म्हणजे जंतूंचं लग्न.

ब्लीचचं गणित सोपं. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर लिटरला १ मिलिलिटर घातलं की ५० पीपीएम होतं, म्हणजे दहा लाख भागांत पन्नास. तेवढं पुरतं. सूनबाईला मी तोंडी सांगितलं आणि वर म्हटलं, "म्हणजे अगदी चमचाभर." चमच्यात ५ मिलिलिटर मावतं. बुधवारी लावलेल्या प्रयोगाच्या गुलाबांचे देठ आज पाण्याखाली पांढरे फटक, पानांच्या कडा जळाल्यासारख्या. २५० पीपीएममध्ये टॉवेलसुद्धा उजळतो, देठाचं काय घेऊन बसलात.

औषधाच्या दुकानातून सुई नसलेली सिरिंज आणली. ती आता ब्लीचच्या बाटलीला रबरानं बांधलेली आहे. "चमचा" हा शब्द वहीतून बाद.

दुसरं, आणि हे सूनबाईकडून तीनदा म्हणवून घेतलं: ब्लीच आणि लिंबू वाटीत एकत्र करायचं नाही, कधीच नाही. त्यातून क्लोरीन सुटतो. रंगखात्यात ॲसिडचा आणि ब्लीचचा डबा एका फळीवर ठेवला म्हणून मी एकाला घरी पाठवलं होतं. आधी फुलदाणीत पूर्ण लिटर पाणी, मग ब्लीचचा तो एक मिलि, ढवळायचं, मग साखर, शेवटी लिंबू. खिडकी उघडी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र. मंगळवारीच घरात केळ्यांच्या दोन फण्या, पपई, रताळी आणि कवठं येऊन पडली. कवठाच्या वासानं अर्धं घर भरलं. सूनबाईनं दवाखान्यासाठी कार्नेशनची गड्डी आणली होती, ती थंड जागा म्हणून केळ्यांशेजारच्या टेबलाखाली बादलीत ठेवली.

आज सकाळी कार्नेशनच्या पाकळ्या आत वळलेल्या, मुठी मिटल्यासारख्या. पाणी स्वच्छ, देठ कडक, मान ताठ. तरी फूल झोपलेलं. सूनबाईला वाटलं पुन्हा ब्लीच जास्त झालं.

ब्लीच नाही, केळी. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. केळी पिकवायच्या खोलीत हाच सोडतात. फळाला तो पिकायचा निरोप आणि फुलाला म्हातारं व्हायचा. कार्नेशनला तो फारच बाधतो, अगदी थोडा असला तरी. शेवंतीला फारसं वाटत नाही. मिटलेलं कार्नेशन पुन्हा उमलत नाही. गड्डी फुकट गेली. हिनं दोन फुलं उचलून बघितली आणि म्हणाली, "उपास आम्ही केला, सुकली ही."

यावरून लॉजचं कोडं सुटलं. तिथली फुलं नेहमी दवाखान्याच्या आधी जातात. काउंटरवर सकाळ-संध्याकाळ उदबत्तीचा पुडा संपवतात, ती फुलदाणीच्या अगदी बगलेत. धुरातही हाच वायू असतो. शिवाय शेजारी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पेरूची परडी. सूनबाईनं फुलदाणी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला सरकवून घेतली. उदबत्ती हलवा म्हणायची सोय नाही, देव आधीपासून तिथं आहेत.

आणखी एक: एक फूल मेलं की ते स्वतःच हा वायू सोडायला लागतं. गेलेलं फूल लगेच उपटायचं.

५ मार्च, बुधवार

कृती पक्की झाली. सूनबाईच्या वहीत तिच्या अक्षरात उतरवली, ती अशी:

नळाचं पाणी १ लिटर, ब्लीच १ मिलि सिरिंजनं, साखर तीन चहाचे चमचे सपाट, अर्ध्या लिंबाचा रस गाळून. पट्टी ४ च्या जवळ आली पाहिजे. लिंबू महाग झालं तर लिंबूसत्त्वाची चिमूट, पण पट्टी बघूनच. बोअरचं पाणी घ्यावंच लागलं तर लिंबू दुप्पट, कारण ते पाणी आंबटपणा खाऊन टाकतं. ग्लॅडिओला, म्हणजे ग्लॅडिओलसच्या फुलाला, बोअर अजिबात नाही. त्याला पाण्यातलं फ्लोराइड सोसत नाही, लिटरला एखादा मिलिग्रॅमही पाकळ्यांच्या कडा जाळतो. त्याला आरओचंच.

ब्लीचचा जोर तीन दिवसांत उतरतो, साखरेच्या पाण्यात तर आणखी लवकर. म्हणून गुरुवारी पाणी बदलायचं आणि देठ पुन्हा बोटभर कापायचा. रोज नाही. फक्त गुरुवारी.

हिशोब: तीन फुलदाण्या, दोन वेळा, लिटर-लिटर, म्हणजे ६. धुवायला ३. आठवड्याला ९ लिटर. हिला आकडा दाखवला. "बघू," म्हणाली. ३८ वर्षांच्या संसारात "बघू" म्हणजे मंजूर.

११ मार्च, मंगळवार

जरबेरा. मावशी देठावर प्लॅस्टिकची नळी चढवून देते, ती काढून टाकली की फूल दोन तासांत कमरेत वाकतं. देठ मऊ, लवदार, खाली जवळजवळ पोकळ. खोल पाण्यात लव कुजते. फुलदाणीत फक्त चार बोटं पाणी ठेवायचं, औषध तेच, नळी राहू द्यायची, झाकायला हिरवा पाला लावायचा. जरबेराचं एवढंच.

ग्लॅडिओची गंमत. सूनबाईनं सोमवारच्या काड्या रविवारी रात्री स्कूटरच्या पायाशी आडव्या ठेवल्या आणि विसरली. सकाळी सगळ्या काड्यांची शेंडी वर वळलेली, बैलांच्या शिंगांसारखी. ग्लॅडिओ आडवा ठेवला तर वर बघायला लागतो आणि मग सरळ होत नाही. वकिलांच्या ऑफिसात तशाच लावल्या. वकील म्हणाले, डिझाइन छान आहे.

गुलछडीवर साखरेचा हात दिसला. काडी खालून वर उमलत जाते. नुसत्या पाण्यात निम्म्या कळ्या मिटल्या मिटल्याच गळायच्या, आता टोकाच्या चार-पाच सोडल्या तर बाकी फुलल्या. लॉजच्या मालकानं वासाबद्दल विचारलं. काडीला चार दिवस झाले होते, हे त्याला कळलं नाही.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. दुपारी पोरं पिंपानं रंग खेळत होती आणि ही दारात उभी राहून कोणाच्या घरचं पाणी सांडतंय ते मोजत होती.

पारा ३८ वर. घरात सावलीत ३४. कृती तीच, भांडं तसंच घासलेलं, तरी दवाखान्याचे गुलाब आज, बुधवारीच, थकलेले दिसले. दवाखान्यात एसी फक्त आतल्या खोलीत, बाहेर पंखा आणि कूलर. फुलदाणी नेमकी कूलरच्या तोंडाशी. माणसाला गार वाटतं ते वाऱ्यानं घाम उडतो म्हणून. फुलाचाही तसाच उडतो, आणि देठाला तेवढं वर ओढणं जमत नाही. जागा बदलली.

पण उन्हाळ्याचं मूळ दुखणं उष्णतेचं. दहा अंश वाढले की फुलाचा श्वास दुप्पट-तिप्पट होतो, साठा तेवढाच लवकर संपतो. फ्रीज हा उपाय नाही. घरच्या फ्रीजमध्ये फळं असतात, आणि फळांबद्दल आता लिहून झालंय.

थकलेले गुलाब घरी आणले. देठ पाण्याखाली पुन्हा कापले आणि टबात कोमट पाण्यात अख्खे आडवे, फुलासकट, बुडवून ठेवले. तासाभरात सहापैकी चार उभे राहिले. उरलेल्या दोघांची मान आतूनच मोडली होती, नातीनं त्यांच्या पाकळ्या रंगात कालवल्या.

२२ मार्च, शनिवार

रस्त्याकडेला माठ लागलेत. तीन छोटी मडकी आणली.

सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे मडक्याचं पाणी इथं जेवढं गार होतं तेवढं मुंबईला होत नसेल. मोजलं: दुपारी तीन वाजता काचेच्या बाटलीत ३२, मडक्यात २५. सात अंश, वीज न जाळता.

पहिला विचार, मडकंच फुलदाणी करावी. पण मडक्याची भिंत भोकाभोकांची; जंतू एकदा शिरले की मीठ-कणीनं निघणार नाहीत, आणि ब्लीच भिजवलं तर ते भिंतीत राहणार. पुन्हा ९ फेब्रुवारीची तिसरी बाटली. म्हणून मडक्यात काचेची बरणी बसवली, मधल्या जागेत ओली वाळू. वाळूवर सकाळी एक फुलपात्र पाणी. बरणी घासता येते, मडकं गार ठेवतं. मडक्याचं तोंड टॉवेलच्या एका जुन्या तुकड्यानं गुंडाळलं. माझ्याच खात्यातला टॉवेल, लॉट कुठला ते रंगावरून ओळखलं, पण लिहीत नाही. बिघडलेला होता.

वाळूच्या पाण्याचा हिशोब हिनं मागितला. मडक्यामागे दिवसाला पाव लिटर. तीन मडक्यांचे आठवड्याला साडेचार. एकूण साडेतेरा. तिनं बॅरलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग म्हणाली, भाजी धुतलेलं पाणी वाळूला चालेल ना? चालेल. माझ्या डोक्यात आलं नव्हतं. परत ९.

२४ मार्च, सोमवार

तिन्ही ठिकाणी मडकी. लॉजवाला नाराज, म्हणाला, हे दहाव्याला आणल्यासारखं दिसतं. सूनबाईनं मडक्याला गेरू लावून पांढऱ्या रांगोळीचे ठिपके काढले होते तरी. त्याच्याकडे काचच ठेवली, कूलरपासून लांब, उदबत्तीपासून लांब. दवाखान्यातल्या बाईंना मडकं इतकं आवडलं की कुठून घेतलं ते विचारलं.

२७ मार्च, गुरुवार

पारा ३९. पाणी बदललं, देठ कापले. दवाखाना: बारापैकी बारा उभे. वकील: दहापैकी नऊ. लॉज: बारापैकी आठ, चार बदलले. चारच, गड्डी नाही.

२९ मार्च, शनिवार

फुलदाण्या परत आल्या. उद्या पाडवा, बाजार झेंडूनं भरलाय, सूनबाई पहाटेपासून तोरणांत गुंतलेली, म्हणून उचलायला मी गेलो.

दवाखान्याचे बाराही गुलाब सहाव्या दिवशी ताठ. पण तीन फुलांच्या बाहेरच्या पाकळ्यांवर तपकिरी चंद्रकोरी दिसल्या. कीड म्हणून चष्मा पुसून बघितलं. कीड नव्हे, नखं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, दर तासाला कोणीतरी येऊन चिमटा काढून बघतंय. सोमवारची फुलं शनिवारी अशी कशी, प्लॅस्टिकचीच असणार म्हणून."

सोमवारी न्यायचं: १२ गुलाब, सिरिंज, भाजीचं पाणी बाटलीत भरून, आणि नातीकडून एक पाटी लिहून घ्यायची. खरी आहेत, हात लावू नये.